रेकॉर्डिंग स्टुडिओच्या इतिहासावरचा एकच माहितीपट दाखवायचा आहे, कुठला? (बजेट ५,००० रुपये)

खर्जषड्ज
ध्वनिमुद्रणाच्या प्रमाणपत्र वर्गातल्या १४ मुलांना एखाद्या नावाजलेल्या स्टुडिओचा इतिहास सांगणारा माहितीपट दाखवायचा आहे. एकच. मुलं लॅपटॉप आणि दोन चॅनलच्या इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) शिकलेली, मुद्रणाची टेप कुणी हातात घेतलेली नाही. बहुतेक जण तबला, हार्मोनियम, ढोलकी वाजवणारे.

वेळ शनिवारी दुपारी अडीच तास, चर्चा धरून. जागा कॉलेजची खोली, २० बाय ३० फूट, फरशी उघडी. प्रोजेक्टर आणि दोन पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले) आहेत. हातात ५,००० रुपये. चित्रपट, केबल, जे काही लागेल ते त्यातच बसवायचं आहे.

डोक्यात तीन नावं आहेत: 'साउंड सिटी' (२०१३), 'मसल शोल्स' (२०१३) आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओवरचा 'इफ दीज वॉल्स कुड सिंग' (२०२२). कुठला आणि का ते सांगा. खोलीत दाखवताना काय बिघडतं तेही सांगा.

टेप_आणि_ब्लेड
साउंड सिटी. विचारच करू नका.

लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात १९६९ साली सुरू झालेला स्टुडिओ. १९७३ मध्ये मालकांनी नीव्ह कंपनीचा ८०२८ कन्सोल (मुद्रणाचा मोठा मिक्सर) घेतला, किंमत ७५,१७५ डॉलर. चित्रपटाचा खरा नायक तोच आहे. कीथ ओल्सन या इंजिनिअरने खोली कशी वाजते हे दाखवायला फ्लीटवुड मॅक बँडच्या मिक फ्लीटवुडला बकिंगहॅम-निक्स जोडीचं एक मुद्रण ऐकवलं आणि त्यातून त्या बँडला नवा गिटारवादक आणि गायिका मिळाली. मे १९९१ मध्ये निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम तिथेच मुद्रित झाला. त्यात ड्रम वाजवणाऱ्या डेव्ह ग्रोलनेच हा चित्रपट केला. २०११ मध्ये स्टुडिओ बंद पडला तेव्हा कन्सोलही त्यानेच विकत घेऊन आपल्या ६०६ स्टुडिओत बसवला.

मुलांना त्या कन्सोलचा आवाज हाताने अनुभवू द्या. नीव्हच्या १०७३ जातीचा दोन चॅनलचा प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) घ्या. ५० हजारांच्या पुढे जाईल, पण इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर असलेलाच घ्या. तबल्याच्या थापेला तिथे जी गोलाई येते ती संगणकातल्या प्लगइन सॉफ्टवेअरने येत नाही.

निमशहरी
साउंड सिटीला +१. नीव्ह म्हणजे नीव्ह.

भिंतीचा_कान
टेप_आणि_ब्लेड, कन्सोलला सगळं श्रेय देऊ नका. साउंड सिटीचे ड्रम त्या खोलीमुळे तसे वाजतात. मोठी खोली, आखून-मोजून केलेली ध्वनिरचना नाही, तरी ड्रमला भरघोस साथ देणारी. नीव्हचे कन्सोल जगात कितीतरी ठिकाणी होते, तो ड्रमचा आवाज सगळीकडे निघाला नाही.

मुलांना हे फुकटात दाखवता येतं. ढोलकीला एक माइक हातभर अंतरावर आणि दुसरा त्याच्या मागे आणखी ३ मीटरवर लावा. दुसऱ्यात आवाज सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र वाजवून दूरचा हळूहळू वाढवत न्या, खोली ऐकू येऊ लागते. मग दूरचा ट्रॅक ९ मिलिसेकंद आधी सरकवून जवळच्याशी जुळवा. धार वाढते, पण खोलीचा गहिरेपणा कमी होतो. हे कळलं की चित्रपटातली अर्धी वाक्यं कळली.

टेप_आणि_ब्लेड
खोली महत्त्वाची आहेच, मी नाही कुठे म्हटलं? पण तीच खोली मामुली मिक्सरवर मुद्रित केली असती तर तो आवाज आला नसता. प्रीॲम्प जोरात चालवला की ट्रान्सफॉर्मर क्षमतेच्या टोकाला येऊन आवाज किंचित बदलतो आणि थापेचं टोक मऊ होतं. तो स्वभाव यंत्राचा आहे, भिंतीचा नाही.

चौथी_काळी
दोघंही धागाकर्त्याच्या प्रश्नापासून लांब गेलात. साउंड सिटीची अडचण वेगळीच आहे. १०७ मिनिटांचा चित्रपट, आणि शेवटचा मोठा भाग ६०६ मध्ये नवं मुद्रण करण्यात जातो. तो स्टुडिओचा इतिहास नव्हे. इतिहास म्हणून दाखवायचा तर कन्सोल हलवला जातो तिथे थांबवा. शिवाय सूर असा आहे की संगणक आला आणि माणसं एकमेकांपासून दूर झाली. लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलांना आपण चुकीच्या काळात जन्मलो असं वाटू नये. संगीतकार ट्रेंट रेझ्नर त्यात संगणकाला वाद्यासारखं वापरतो, तो भाग मुद्दाम थांबवून बोला.

माझं मत ॲबी रोडला. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी इंग्रज संगीतकार एल्गरच्या हातून उद्घाटन. त्याच वर्षी ॲलन ब्लुमलाइन या इंजिनिअरने स्टिरिओचं पेटंट मागितलं, आणि १९३४ मध्ये तिथेच संचालक बीचमच्या वाद्यवृंदावर त्याचे प्रयोग झाले. पुढे स्टुडर जे३७ हे टेप यंत्र: एक इंच टेप, चार ट्रॅक. चारही भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे तीन मोकळे. दर उतरवणीत टेपचा सळसळाट वाढतो, आणि एकदा मिसळलेला तोल परत सोडवता येत नाही. म्हणून ढोलकी किती आणि बास किती हे त्या क्षणीच ठरवावं लागायचं. आजच्या मुलांना शिकवायची गोष्ट हीच आहे, ठरवणं.

ग्रामोफोनची_सुई
ॲबी रोडशी आपला धागा जवळचा आहे, म्हणून सांगते. तो स्टुडिओ ग्रामोफोन कंपनीचा. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या तबकड्या त्याच घराण्यातल्या. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत मुद्रित करून घेतलं आणि गायन नंतर ॲबी रोडला चढवलं. मार्चमध्ये ते बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला आलं. वाद्यं एका शहरात, गळा दुसऱ्या देशात, आणि तेही १९६८ साली! तबला वाजवणाऱ्या मुलांना हे गाणं चित्रपटाआधी ऐकवा, तीन मिनिटंही लागत नाहीत.

चित्रपट दीड तासाचा आहे, चर्चेला भरपूर वेळ उरतो. कमी इतकीच की यंत्रांपेक्षा कलाकारांच्या आठवणी जास्त आहेत. तिथल्या केन टाउनसेंड या इंजिनिअरने १९६६ मध्ये दुसऱ्या टेप यंत्राचा वेग हलवून एका गळ्याचे दोन केले, ते नीट समजावण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल.

स्पूलप्रेमी
चित्रपट कुठलाही दाखवा, पण मुलांच्या हातात टेप द्या. जुन्या बाजारात पाव इंची स्पूल यंत्र मिळतं. घेताना पिंच रोलर (टेप दाबून पुढे ढकलणारं रबरी चाक) बोटाने दाबून बघा. चिकट किंवा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर वेग डुलतो. हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) खोबण पडली असेल तर सोडून द्या. हेड आणि टेपचा मार्ग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पिंच रोलरच्या रबराला मात्र ते वारंवार लावू नका.

१९७०-८०च्या दशकांतल्या पाठीला काळा लेप असलेल्या पुष्कळ टेप आता चिकट झाल्या आहेत. चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषतो, टेप किंचाळते आणि हेडवर राळ साचते. अशी टेप मुळीच चालवू नका. सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास सुकवली की तेवढ्यापुरती वाजते, लगेच डिजिटल करून घ्यायची. घरच्या गॅस ओव्हनमध्ये नको, तापमान स्थिर राहत नाही. आणि आधी रीळ उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची, ती कधीही तापवायची नाही.

निमशहरी
बरोबर, टेप हातात द्यायलाच हवी. दोन इंची २४ ट्रॅकवाली मिळाली तर उत्तम.

भिंतीचा_कान
दोन इंची यंत्र मोठ्या कपाटाएवढं असतं आणि त्याचं बजेट वेगळंच. ५,००० म्हटलंय. हिशेब मात्र फळ्यावर मांडा: २,५०० फुटांचं रीळ, सेकंदाला ३० इंच वेग, म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. 'अजून एकदा घेऊ' म्हणण्याची किंमत मुलांना तिथे कळते.

प्रोजेक्टर_खोली
साडेतीन हजार ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर घ्या, दिवा बदलायची कटकट नाही.

घेणार नसाल तर हे बघा:
१. ओटीटीवरून दाखवताना व्हीजीए केबल किंवा स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर मध्ये असेल तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. कॉपी-संरक्षण नसलेला दुवा सापडला की चित्र अडवलं जातं. सरळ एकच एचडीएमआय केबल वापरा, आणि आदल्या दिवशी तोच चित्रपट लावून बघा, दुसरा नको.
२. अमेरिकेहून डिस्क मागवत असाल तर डीव्हीडी रीजन १ असते, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५. ब्लू-रेला तिकडे ए, इकडे सी. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन मोजून पाच वेळाच बदलता येतो.
३. आवाज ब्लूटूथने नेऊ नका. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि ड्रमचा चित्रपट असेल तर काठी पडल्यावर ठोका येतो.

वायर_सोल्डर
सगळ्यात जास्त फजिती कुठे होते ते कुणी लिहिलं नाही. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून एकाच एक्सएलआर प्लगमध्ये (माइकचा तीन पिनांचा) जाणारी तयार केबल घेऊ नका. त्यात डावा चॅनल पिन २ ला आणि उजवा पिन ३ ला जातो. स्पीकर दोघांतला फरक तेवढा वाजवतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं, म्हणजे मुलाखतीतला आवाज, गायकाचा गळा, बास. उरतो खोलीचा घुमारा. लोक चित्रपटाला दोष देतात.

३.५ मिमीपासून दोन वेगळ्या ६.३५ मिमी मोनो पिना निघणारी केबल घ्या आणि एकेक पिन एकेका स्पीकरला द्या. चार्जर लावल्यावर घूं आवाज आला तर मध्ये दोन चॅनलचा साधा डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यामधला जोडडबा) टाकून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, म्हणजे केबलमधून जाणारा अर्थिंगचा जोड तुटतो. प्लगची अर्थिंग पिन काढायची नाही, जिवाशी खेळ आहे. आवाजाच्या मेनूत ५.१ (सहा चॅनलचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा, नाहीतर संगीत मोठं आणि बोलणं बारीक येतं.

कलम_५२
वर्गणीवर घेतलेल्या ओटीटीचे नियम घरगुती वापरापुरते असतात, ते वाचून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(j) नुसार शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या कामाशी जोडलेले लोक एवढेच हवेत. बाहेरच्यांना बोलावलंत किंवा हाच कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये केलात तर ही सवलत नाही.

टेप_आणि_ब्लेड
म्हणजे डिस्क घ्या. साउंड सिटीची.

चौथी_काळी
मसल शोल्सचं नाव कुणीच काढलं नाही, ते बरं झालं. नदी, शेतं आणि लांबलचक आठवणी. यंत्रं फार कमी दिसतात.

खर्जषड्ज
सगळ्यांचे आभार. मसल शोल्स दाखवतोय.

१११ मिनिटं, चर्चेला ३९ उरतात. यंत्रं कमी दिसतात हेच मला हवं आहे. माझी मुलं वादक आहेत. अलाबामातल्या छोट्या गावात रिक हॉलचा फेम स्टुडिओ, आणि त्याच खोलीत रोज वाजवणारी स्थानिक मंडळी. जानेवारी १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन तिथे आली. गाण्याची वाट सापडेना, मग तिथल्या वादकांपैकी स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर सुरुवातीचा तुकडा सुचला आणि गाणं त्याच दिवशी पुरं झालं. दुसरं अर्धवट राहिलं, भांडण झालं, बाकीचं काम न्यूयॉर्कला हललं. हार्मोनियमवाल्या मुलाने तो तुकडा बघायला हवा. १९६९ मध्ये त्यातले चार वादक बाहेर पडून जवळच शेफील्डमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढतात आणि डिसेंबरमध्ये रोलिंग स्टोन्स येऊन तीन दिवसांत तीन गाणी करून जातात, हेही.

खर्च: डिस्क, दोन पिनांची केबल, डीआय बॉक्स. कॉलेजच्या सतरंज्या फरशीवर आणि मागच्या भिंतीवर. 'द इनर लाइट' सुरुवातीला, ढोलकीचा ९ मिलिसेकंदांचा प्रयोग शेवटी.

वायर_सोल्डर
सतरंजी भिंतीला चिकटवू नका. मागे चार बोटं जागा सोडून टांगा, थोडा खालचा आवाजही शोषला जाईल. आणि स्पीकर बसलेल्यांच्या कानांपेक्षा थोडे वर ठेवा, नाहीतर पुढची रांगच सगळं ऐकेल.