रेसचा घोडा सहा वर्षांचा झाला की जातो कुठे?

वानवडीकर
परवा घरी पाहुणे जमले होते आणि वाद पेटला, रेसवर पैसे लावणं जुगार की कौशल्य? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तमिळनाडूच्या खटल्यात कौशल्याच्या बाजूने निकाल दिला, तरी हा वाद काही मिटत नाही. तासभर सगळे तावातावाने बोलले. घोड्याचा विषय कुणी काढला नाही, म्हणून हा धागा.

टोटची, म्हणजे रेसकोर्सवर अधिकृतपणे पैसे लावायची, खिडकी चालायची तर एकेका रेसमध्ये दहा-बारा घोडे हवेत. चारच पळाले तर पैसे लावायला कोण येणार? शिवाय दिवसाला सात-आठ रेस, पावसाळाभर पुण्याचा हंगाम, तो संपला की मुंबईचा. एवढे घोडे पुरवायला दरवर्षी नवी शिंगरं लागतात. त्यातलं कुठलं पळेल हे घोडी व्याली तेव्हा कुणालाच कळत नाही. म्हणून एका चांगल्या घोड्याच्या आशेवर कितीतरी जन्माला घातले जातात. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. रेसमधली त्याची उमेद बहुतेक वेळा सहा-सात वर्षांत सरते. पुढची अठरा वर्षं त्याला खायला कोण घालतं?

अमेरिकेत १९८६ साली एकाच वर्षात थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदा केलेल्या जातीची, ५१ हजारांहून जास्त शिंगरं जन्मली. त्याच वर्षी केंटकी डर्बी ही तिथली सर्वांत मानाची रेस जिंकणारा फर्डिनंड हा घोडा पुढे जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये तिथल्या कत्तलखान्यात संपला. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर एकही रेस न जिंकलेल्याचं काय होत असेल?

थरोब्रेडच्या जन्माची नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी आपल्या पुण्यातच आहे. माझी मागणी साधी आहे. रेसमधून बाहेर पडल्यावर घोडा ज्या ज्या हातात जाईल त्याचीही सक्तीने नोंद व्हावी, आणि टोटच्या उलाढालीतला ठरावीक हिस्सा त्याच्या दाणापाण्यासाठी बाजूला पडावा.

सईसाचा मुलगा
माझे वडील चाळीस वर्षं तबेल्यात राबले. पहाटे चारला उठायचे. घोड्याचं अंग, पाय, खूर सगळं बघून झाल्यावर चहा. आमच्या घरी उशिरा चूल पेटली असेल, घोड्याला ओट्स वेळेवर मिळाले. टांग्याच्या नाहीतर वीटभट्टीवरच्या घोड्याशेजारी रेसचा घोडा उभा करा आणि मग हालअपेष्टांबद्दल बोला.

अमेरिकेचा दाखला इथे कशाला? एका घोड्यामागे सईस, नालबंद, रायडिंग बॉय, गवतवाला अशी घरं चालतात. २०२४ मध्ये मकाऊ आणि सिंगापूर दोन्हीकडची रेस बंद पडली, तेव्हा माणसांची कामं गेली आणि घोड्यांना नवी जागा शोधत फिरावं लागलं. बंदीने घोडा वाचत नाही.

वानवडीकर
बंदी घाला असं मी कुठे लिहिलंय? पुन्हा एकदा वाचा.

डर्बीप्रेमी
नोंदीचं एक वेळ ठीक. पण टोटमधून हिस्सा कुठून काढणार? १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. खिडकीवर अजून कापाल तर माणूस चोरट्या बुकीकडे जाईल. तो सरकारलाही देत नाही आणि घोड्यालाही.

आणि रेसनंतर घोडा निकामी होतो हेही खरं नाही. पुण्यातल्या पूनावालांचे निवृत्त घोडे त्यांच्या रक्तातून औषधं बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शिवाय इंग्लंडात डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, आपली इंडियन डर्बी चार वर्षांच्यांची. आपण घोड्याला वेळ देतो.

घोड्यांची डॉक्टर
डर्बीप्रेमी, हे चार वर्षांचं गणित नीट बघा. थरोब्रेड कधीही जन्मो, त्याचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. डिसेंबरात गिनीज ही रेस पळणारा तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीत डर्बीला चार वर्षांचा होतो. दोन महिन्यांत हाडं काही वेगळी होत नाहीत. पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते. कोवळ्या वयात बेताचा व्यायाम हाडांना चांगलाच असतो, हे मी मान्य करते. पण दर महिन्याचं तबेल्याचं बिल डोळ्यांसमोर असताना मालकाला तो बेत सांभाळणं कठीण जातं. त्यात बदली घोडे भरपूर असले की दुखऱ्या पायाच्या घोड्यासाठी कुणी थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी लग्नाच्या वरातीत नाचवायचा एक उंच घोडा माझ्याकडे आणला. पुढच्या पायाची शीर सुजून जाड झालेली, बरगड्या मोजता येत होत्या. मानेत ओळख पटवणारी चिप सापडली. म्हणजे त्याचे आईबाप कोण, कुठल्या साली जन्मला, सगळं कागदावर होतं. रेसमधून बाहेर पडल्यापासून वरातीपर्यंत तो कुठे होता, हे मात्र आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने तो तिसऱ्या हातून घेतला होता. मालकाने सोडून दिला म्हणावं, तर प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात त्याचं एक वेळचं गवतही येत नाही.

सीरमचं काम माणसांचे जीव वाचवतं, त्याबद्दल आदरच आहे. पण त्यासाठीही घोडा धडधाकट लागतो. हा तिथेही चालला नसता.

कोंढव्यातली बहीण
घोड्यांबद्दल तुम्ही बोलताय ते पटतं. पण कौशल्य हा शब्द वाचला की मला भावाचं रेसचं पुस्तक आठवतं, समासात आकडेमोड केलेलं. त्या कौशल्यात आईच्या पाटल्या गेल्या आणि मग राहता फ्लॅट. टोटमधून घोड्यासाठी हिस्सा काढायचा तर टोट फुगलेलाच राहायला हवा, म्हणजे माझ्या भावासारखे अजून दहाजण. वानवडीकर, याचं उत्तर द्या.

वानवडीकर
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी टोटऐवजी मालकाकडून सुरुवात करेन. शिंगरू नोंदवतानाच त्याच्या म्हातारपणाची अनामत भरून घ्यावी. मग जन्माला घालतानाही लोक हात आखडता घेतील.

डर्बीप्रेमी
त्याने छोटे मालक संपतील, फक्त बडी धेंडं उरतील. माझा विरोध कायम.

सईसाचा मुलगा
अनामतीचं मोठ्या लोकांनी ठरवावं. नोंदीला माझी हरकत नाही, पण ती मालकाच्या ऑफिसात बसून भरू नका. घोडा ट्रकमध्ये चढतो तेव्हा दोर सईसाच्या हातात असतो. वडील आता थकलेत, तरी कुठला घोडा कोणी नेला आणि ट्रक कुठल्या गावचा होता, हे विचारलं की नावानिशी सांगतात. या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसतो. डॉक्टरबाई, तुमच्या त्या वरातीच्या घोड्याचा चिप नंबर असेल तर कळवा.