मदत हवी आहे: हॅवलॉकहून परतीच्या दिवशी बोट रद्द झाली तर?

मृण्मयी_प

नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यात अंदमानला निघालोय. आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 72, गुडघ्यांचा त्रास). शेवटची रात्र हॅवलॉक बेटावरच्या रिसॉर्टमध्ये आहे. सकाळी खासगी बोटीने पोर्ट ब्लेअर, दुपारी तीनला चेन्नईचं विमान आणि रात्री चेन्नई-पुणे. चेन्नई आणि पुण्याची तिकिटं वेगवेगळी काढली आहेत.

बोट रद्द झाली तर काय करायचं? विमान रद्द झालं तर कंपनीकडून काय मागता येतं? आणि आत्ताच काही बदलावं का?

दर्यावर्दी

मृण्मयीताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिले दोन त्यावरच अवलंबून आहेत. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. हॅवलॉक आणि शेजारचं नील बेट आधी उरका आणि सेल्युलर जेल, कॉर्बिन्स कोव्ह शेवटी ठेवा. ठिकाणं तीच राहतात, फक्त क्रम उलटा होतो. अंदमानात विमानं उडत असताना बोटी बंद असण्याचे दिवस बरेच येतात. वारा वाढला की आधी बोटीच थांबतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ. डिसेंबर 2016 मध्ये हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दरवर्षी असं होत नाही, पण एखाद-दोन दिवस बोटी बंद राहणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघा. साध्या अंदाजात नुसता ‘पाऊस’ लिहिलेला असतो, त्यावरून बोटीचं काही कळत नाही. मच्छीमारांच्या इशाऱ्यात अंदमान समुद्रासाठी ताशी 45 ते 55 किमी वारा आणि 65 चे झोत दिसले, तर थांबू नका. परतीची बोट एक दिवस अलीकडे घ्या. सगळे धावायच्या आत जागा बदलून मिळते.

तरीही तिथेच सकाळी बोट रद्द झाल्याचं कळलं, तर हा क्रम धरा:

1. सर्वात आधी खोली. हॅवलॉकला बऱ्याच रिसॉर्टचं चेक-आउट सकाळच्या बोटीच्या हिशेबाने साडेसात-आठलाच असतं. बोट रद्द झाली की बेटावरचे सगळेच खोली शोधतात, त्यामुळे जेट्टीवर जायच्या आधी रिसेप्शनला सांगून आणखी एक रात्र पक्की करा.

2. मग विमान कंपनी. बोट रद्द झाल्याने विमान चुकलं तर ते तुमच्याकडून चुकलं असं धरतात. म्हणून विमान सुटायच्या आधीच तारीख बदलून घ्या. फरक भरावा लागेल, पण काहीच न कळवता गैरहजर राहिलात तर मूळ भाडंही जातं.

3. नंतर बोट. कंपनीने फेरी रद्द केली असेल तर पैसे परत किंवा पुढची फेरी मिळते. एक जण जेट्टीवरच्या सरकारी काउंटरवर सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन उभा राहू दे. वारा मध्यम असताना खासगी कंपन्यांच्या वेगवान बोटी (कॅटामरान) थांबतात आणि सरकारी बोट कधी कधी सुटते. बंदर खात्यानेच बंदी घातली असेल तर मात्र कोणीच जात नाही. तेव्हा एजंट कितीही सांगो, छोट्या बोटीत बसू नका. हे अगदी काळजीने सांगतोय, सासूबाई आणि मुलगा सोबत आहेत.

पवन हंसचं हेलिकॉप्टर आहे, पण जागा थोड्या आणि रुग्ण व सरकारी कामाला प्राधान्य. त्यावर बेत आखू नका.

तिकीटखिडकी

विमानाचं मी सांगते.

वेगवेगळी तिकिटं हाच तुमच्या बेतातला सर्वात कच्चा दुवा आहे. पोर्ट ब्लेअरचं विमान उशिरा आलं तर पुण्याचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि त्या तिकिटाची जबाबदारी पहिल्या कंपनीवर येत नाही. एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) दोन्ही टप्पे असले की पुढचं विमान देणं त्यांचं काम. आत्ता रद्द करून एकत्र काढायला किती जास्त पडतं ते बघा. चार जणांचं चेन्नईतलं ऐनवेळचं तिकीट त्याहून महाग पडेल.

विमान हवामानामुळे रद्द झालं तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) नियमानुसार रोख भरपाई मिळत नाही. पण दुसरं विमान की पूर्ण परतावा, ही निवड प्रवाशाची असते. काउंटरवर ‘क्रेडिट देतो’ म्हणाले तर नाही म्हणा, परतावा हवा असेल तर परतावाच मागा. कारण कंपनीचं असेल (तांत्रिक बिघाड वगैरे), 24 तासांच्या आत कळवलं असेल आणि पर्यायही धड दिला नसेल, तर दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला 10,000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी ते मिळतं.

उशिराचं वेगळं. चेन्नईचं उड्डाण अडीच तासांच्या आतलं आहे, म्हणून दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या वर गेला तर दुसरं विमान किंवा परतावा. रद्द झाल्याचा एसएमएस पुसू नका आणि कारण लेखी मागा. पुढे एअरसेवावर (विमान प्रवाशांचं सरकारी तक्रार पोर्टल) तक्रार करताना किंवा ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करताना हेच लागतं.

विमान चुकलंच, तरी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरचे विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

प्रवास विमा घेणार असाल तर आजच घ्या. वादळाचा इशारा निघाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळाचा खर्च धरत नाहीत.

खारा_वारा

सासूबाईंसाठी व्हीलचेअर किमान 48 तास आधी नोंदवा. आणि तारीख बदलली की ती नोंद नव्या तिकिटावर आपोआप येईलच असं नाही, फोन करून पुन्हा विचारा. बोटीत चढताना लाटेबरोबर फळी वरखाली होते. त्यांना गर्दीत पुढे न ढकलता शेवटी चढवा, कर्मचारी हात देतात.

औषधं तीन-चार दिवस जास्त आणि हातातल्या बॅगेत. रोख पैसेही ठेवा, नेट गेलं की यूपीआय चालत नाही.

मृण्मयी_प

खूप खूप आभार! शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला घेतली. पुण्याचं तिकीटही एकत्र करतेय. एक राहिलं: हॅवलॉकला स्कूबा करायचं आहे आणि मुलाने शिंपले गोळा करायचं ठरवलंय. परतीला त्याची काही अडचण?

दर्यावर्दी

दोन्हीची. एकच डुबकी असेल तर विमानाआधी किमान 12 तास, जास्त असतील तर 18 तास जाऊ द्या. शरीरात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. तेव्हा स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे बोट अलीकडे घ्यावी लागली तरी अंतर पुरतं.

प्रवाळ तर अजिबात नको, मेलेला तुकडाही नाही. तो 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो आणि विमानतळावर क्ष-किरण तपासणीत बॅग उघडायला लावतात. किनाऱ्यावरचे शिंपलेही उचलू नका. मुलाला हवेच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि पावती बॅगेत वरच ठेवा.