धरण पाडलं तर खालची जमीन कोणाची?

तापीकाठ: परवा एका भाऊने लिहिलं, आपलं जळगाव जिल्ह्यातलं तापीवरचं हतनूर धरण गाळाने भरलंय, अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 पर्यंत पाडली तसं हेही पाडा नि जमीन मूळ मालकाला द्या. कोणती जमीन देणार? जुने बांध गाळाखाली गेलेत. अमेरिकेतल्याच एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढली, तर नदीने साचलेला गाळ कापत पात्र इकडून तिकडे फिरवलं, मुखाशी नवा किनारा टाकला. हतनूर तर तापी-पूर्णेच्या संगमाखाली, दोन नद्यांचा गाळ. पाणी उतरल्यावर शेत कुठे नि पात्र कुठे हे नदी ठरवेल, तलाठी नाही.

रावेरकर: पाडायचं नावच काढू नका. क्लॅमथची ती धरणं विजेची होती, सिंचनाची नव्हती. इथे या पाण्यावर भुसावळजवळचं दीपनगरचं वीजकेंद्र आहे, कालव्यावरची शेती आहे, आमची केळी काय पिणार?

बुडितवाले: केळी केळी पुरे झालं! आजी मरेपर्यंत म्हणायची, "आमनं गाव पानीमा गये". क्लॅमथकाठची 2800 एकर जमीन तिथल्या मूळ शास्ता आदिवासींना परत द्यायचं कॅलिफोर्नियाने 2024 लाच जाहीर केलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळपेर, म्हणजे काठची गाळाची जमीन, उघडी पडते, धरणग्रस्ताला आधी द्यायची असा नियम, आणि पेरतो भलताच, आम्ही अर्ज घेऊन हेलपाटे मारतो.

रावेरकर: मोबदला घेतला ना? मग हक्क कसला?

बुडितवाले: त्या मोबदल्यात तुमच्या शिवारात एक एकर तरी आली असती का, सांगा.

तापीकाठ: भांडू नका. गाळपेरच बघा ना, दरवर्षी पाणी वेगळ्या ठिकाणी थांबतं, काठ सरकतो, कालचा गट आज पाण्यात. धरण गेल्यावर हेच कायमचं होणार, म्हणून वाटणी आधी ठरवा.

पांझराकाठ: आमच्याकडे फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून करायच्या शेतीत, वाटणी ठरलेलीच होती. बंधाऱ्याचं पाणी जिथवर उताराने जाईल तिथवर फड, आणि प्रत्येक घराला प्रत्येक फडात तुकडा, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला. गाळाची जमीन अशीच वाटा, जुना नकाशा काढून बसू नका.

रावेरकर: फडाला गावाचा एकोपा लागतो, तो आहे कुठे? पाणी गेलं तर पहिले कुऱ्हाडी निघतील.

बुडितवाले: पांझरावाले, तुमचं पटतं, पण एका अटीवर, यादीत पहिलं नाव बुडालेल्या घराचं. रावेरकर, तुमचा वीजकेंद्राचा मुद्दा तेवढा मानतो, केळीचा नाही.

रावेरकर: केळीचा मानल्याशिवाय मी कुठल्याच यादीला हो म्हणणार नाही.