पद्मश्रीला 'किताब' म्हणायचं की 'खिताब'?

आमच्या इथं लातूरजवळ शाळेचा कार्यक्रम आहे, पत्रिका छापायलोत. पाहुण्यांच्या नावाआधी पद्मश्री टाका अन खाली 'पद्मश्री किताबाने सन्मानित' असं लिहा म्हणायलेत सगळे. आजोबा म्हणले, किताब म्हंजे पुस्तक, हे खिताब आहे. कोणाचं खरं?

---

दोन्ही खरं बघा. अरबीत दोन वेगळे शब्द आहेत, किताब म्हणजे पुस्तक, कातिब, मकतब त्याच घरातले, अन खिताब म्हणजे एखाद्याला उद्देशून बोलणं, खुतबा त्याचाच भाऊ. मराठीत ख घासून क झाला म्हणून कुस्तीत 'महाराष्ट्र केसरी किताब' बिनधास्त चालतं. पण आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाची कचेरी उर्दूत, त्यामुळं म्हाताऱ्यांचा ख अजून शाबूत आहे.

---

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, पद्मश्री खिताबच नाही! खिताब म्हणजे ज्यानं तुम्हाला हाक मारायची ते. इंग्रजांचे रावसाहेब, रावबहादूर तसेच, इमानानं चाकरी करा अन नाव लांबवून घ्या. निजामाकडं जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी चढती भाजणी होती आणि खिताब नावाला असा चिकटायचा की मूळ नाव लोक विसरून जायचे. महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग, त्यातलं 'जंग' तेच, लढाईशी काही संबंध नाही. त्यांना पुढं पद्मभूषण मिळालं, ते मात्र नावाला चिकटलं नाही.

कारण घटनेच्या कलम १८ नं खिताबच बंद केले. १९५४ ला हे सन्मान सुरू झाले तेव्हा नावं पण कोरडी होती, पद्मविभूषण पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, रेल्वेच्या डब्यासारखं. जानेवारी १९५५ मध्ये पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री झालं. १९७७ ला जनता सरकारनं बंद केले, १९८० ला परत चालू. मग कोर्टात वाद गेला, १९९५ ला सुप्रीम कोर्ट म्हणलं की सन्मान ठीक आहे, पण नावाच्या मागंपुढं लावायचा नाही. मिळतं काय तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद अन पदक. म्हणून 'पद्मश्री सन्मानप्राप्त' असं खाली लिहा, नावाआधी नको.

---

दादा लई उपकार, पण पत्रिका सकाळीच प्रेसला गेली की हो. फोन लावायलोय, उचलेना.