पहिलं रेग्युलेटर: आधी सर्व्हिसिंगचं बघा

लातूरच्या दादांनी विचारलंय की स्कूबा डायव्हिंगसाठी पहिला रेग्युलेटर सेट (सिलिंडरमधली हवा श्वासाला योग्य दाबाने देणारं उपकरण) योक घ्यावा की डिन (सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती), आणि बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजसाठी (फर्स्ट स्टेज म्हणजे सिलिंडरवर बसणारा, हवेचा दाब कमी करणारा भाग) जास्तीचे पैसे घालावेत का. दादा, डिनच घ्या, सोबत योकचं अडॅप्टर ठेवा. डिन व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसतं, ओ-रिंग आत दाबून धरली जाते. योक नुसतं बाहेरून आवळलेलं असतं. बॅलन्स्डला पैसे जरूर घाला. सिलिंडरमधला दाब 200 बारवरून 50 वर आला तरी श्वास तितकाच सहज येतो.

पण खरा प्रश्न सर्व्हिसिंगचा. मी नांदेडचा. आपल्याकडे समुद्र नाही, सेट दहा-दहा महिने कपाटात पडून राहतो आणि रबर वापराविनाही कडक होतं. तारकर्लीला बोटीवर बॅग उघडली तेव्हा माझ्या माउथपीसला क्लिपपाशी नखाएवढी चीर होती, ऑक्टोपसमधून (अडचणीत जोडीदाराला द्यायचा जादा श्वासाचा भाग) हवेची बारीक फुसफुस चालू. त्या दिवशी मी पाण्यात उतरलो नाही. म्हणून ज्या कंपनीचे सुटे भाग आणि प्रशिक्षित मेकॅनिक पुण्या-मुंबईत आहेत, तीच निवडा.

आणि गोड्या पाण्यात धुताना डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) घट्ट लावा, पर्ज बटण (माउथपीसच्या भागावरचं, दाबलं की हवा सोडणारं) अजिबात दाबू नका. ते दाबलं तर पाणी होजमधून (नळीतून) थेट फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं.