प्रति: पद्मिनीच्या दाराच्या काचेचं रबर

नवं बीडिंग, म्हणजे काचेलगतची रबरी पट्टी, लावूनही तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दारात पाणी उतरतं आणि काच जड चालते, असं तुम्ही लिहिलंय. या पट्टीतून थोडं पाणी आत जाणारच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं आधी तारेने मोकळी करा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांची दारं सडतात ती खालूनच, माती साचून ओल धरते म्हणून.

काच जड असेल तर चॅनलमधला, म्हणजे काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते तिच्यातला, गंज घासून, प्रायमर मारून, तो नीट वाळल्यावरच फेल्ट (खाचेतलं मऊ अस्तर) बसवा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे चालतो. आणि पट्टी ताणून लावू नका हो! नंतर ती आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते.