फौजेतली खबरदारी: जिवावरचं कशानं टळलं? (अनुभव धागा)

देवळीचा हवालदार

सुट्टीवर आलेल्या फौजीला गावाच्या पारावर एकच प्रश्न असतो: "दुश्मन पाह्यला का बे?" मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पुढे डीएससीत (फौजेच्या ठाण्यांची राखण करणाऱ्या दलात) दुसरी पाळी केली. माझ्या ओळखीचे जे जवान गेले, त्यांतले बरेचसे दुश्मनाच्या गोळीनं गेलेच नाहीत. कोणी मोटरसायकलवरून गेला, कोणी नाल्याच्या पुरात, कोणी बंद खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटती ठेवून झोपला तो उठलाच नाही. याच्या गोष्टी पारावर कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

लिहायचं ते एवढंच: कोणता नियम तुम्हाला तेव्हा कटकट वाटला, तो मोडावासा का वाटत होता, आणि कोणी अडवलं. घरच्यांनीही लिहा. युनिटचं नाव, पोस्टची जागा, हालचालीच्या तारखा मात्र नको. हाही खबरदारीचाच भाग आहे.

बुखारीपासून सुरू करतो. थंड भागात रॉकेलची बुखारी असते. झोपायच्या आधी ती विझवायची आणि हवेचं भोक उघडं ठेवायचं, हा नियम. रात्रीचा संतरी आत डोकावून बघायचा, पेटती दिसली तर सगळ्यांना उठवायचा. उणे तापमानात झोपमोड झालेला माणूस काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही. पण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपलेल्याला कळतच नाही, म्हणून जागा असलेल्यानंच बघायचं. घरी आलो तर सुनेच्या बाळंतपणात खोलीची दारं-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी! म्हातारीशी वाद झाला. शेवटी शेक देऊन झाला की शेगडी अंगणात, यावर तडजोड झाली.

दारव्ह्याचा एमटी

जय हिंद हवालदार साहेब. मी एएससीत (फौजेच्या रसद-वाहतूक शाखेत) गाडी हाकली, तवा गाडीचंच सांगतो.

कॉन्व्हॉयले (फौजी गाड्यांच्या ताफ्याले) बाहेरचे लोक हसते. रस्ता रिकामा असला तरी आमच्या गाड्या ठरल्या चालीनं, मधात अंतर सोडून. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकून जाते. ते अंतर कायले? पुढच्यानं ब्रेक दाबला त मागच्याले थांबाले जागा पाह्यजे. अन् डोंगरात दरड आली त एकच गाडी सापडावी, चार नाही. रिव्हर्स घेताना मागं माणूस उभा केल्याबिगर गाडी हलत नाही. उतारावर थांबलं का चाकाखाली गुटका (लाकडी ठोकळा). निघायच्या आधी टायर, ब्रेक, तेल, पाणी पाहून सही. आमचा एनसीओ (हवालदार-नायक दर्जाचा वरचा माणूस) त चाबी द्याच्या आधी तोंडाकडं पाहे. डोळे लाल दिसले का म्हणे, तू मागं बस.

आता हाच माणूस सुट्टीवर निघते. जम्मूपासून दोन रात्री गाडीत, झोप नाही. बडनेऱ्याले उतरते त रात्रीचा एक वाजलेला. भाऊ मोटरसायकल घेऊन उभा. ट्रंक पुढं, पिशव्या मधात, हेल्मेट घरी खुंटीले. अन् भाऊ काय म्हन्ते? "तू चालव, तू फौजी हायेस." जे चाबी फौजेत कोणी त्याच्या हाती देली नसती, ते गावात मानानं देते! दिवाळीच्या पुढं आपल्या रस्त्यानं कापसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रेडियम. सुट्टीवर सोडताना साहेब उभं करून हेच सांगत, अन् आम्ही मनात म्हनो, सोडा ना साहेब, गाडी निघून जाईन.

माहा पोरगाबी आता फौजेत हाये. त्याले सांगून ठेवलं: स्टेशनावरच आडवा हो, सकाळची एसटी धर. माय रात्रभर जागली त जागू दे.

रेंजवरचा

थोडक्यात लिहितो. फायर संपला की "खाली कर" (म्हणजे रिकामी कर), मग "जाँच शस्त्र" (तपासायला दाखव). मॅगझिन काढलं, चेंबर डोळ्यानं पाहिलं, उस्तादनंही (शिकवणाऱ्यानं) पाहिलं. कोतमध्ये (हत्यारांच्या कोठारात) जमा करताना पुन्हा. रिकाम्या रायफलचंही तोंड माणसाकडे नाही. रिक्रूट असताना वाटायचं, हे आपल्याला खोटं समजतात की काय. नंतर कळलं, "माझी खालीच आहे" असं म्हणणाऱ्याचीच उस्तादला जास्त भीती वाटते.

बुलढाण्याची सून

घरच्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितेय.

त्या वर्षी सोंगणीच्या वेळी पाऊस लागला, सोयाबीन शेतातच काळं पडलं. त्यात भाऊकीतला बांधाचा वाद पेटला. मी ह्यांना काही सांगितलं नव्हतं, पण नात्यातल्या एकानं रात्री थेट फोन करून सगळं ओतलं, वर "तू तिकडं बंदूक घेऊन काय उपयोग" असंही म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा फोन एका वाक्याचा. बरा आहे, ठेवतो.

त्यांच्या बडीनं, म्हणजे जोडीदार जवानानं, ओळखलं. मेसमध्ये ताट तसंच ठेवून उठतो, पत्ते खेळायला येत नाही, रात्री खाटेवर बसून असतो. त्यानं सिनियर जेसीओला (सुभेदार साहेबांना) सांगितलं. त्याच दिवशी ह्यांना हत्यारी ड्युटीवरून काढलं आणि लंगरच्या (स्वयंपाकघराच्या) कामाला लावलं. हे भयंकर चिडले. मला फोनवर म्हणाले, "मला पागल ठरवलं." इकडे गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही: बंदूक काढून घेतली म्हणे, काहीतरी केलं असेल. सासऱ्यांनी पारावर जाणं सोडलं.

पण पुढचंही सांगते. युनिटचे पंडितजी (धर्मगुरू) त्यांच्याशी रोज बसले, डॉक्टरांकडे नेलं, मग सुट्टी दिली. कमांडिंग ऑफिसरनं जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की आमच्या जवानाच्या जमिनीचा असा असा वाद आहे, लक्ष घालावं. अशी पत्रं लिहायची पद्धत आहे, हे मला तेव्हाच कळलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. रखडलेल्या मोजणीला तारीख मिळाली. वाद मिटला नाही, अजून चालूच आहे, पण त्याला वाट मिळाली. परतल्यावर काही दिवसांनी रायफल पुन्हा हातात आली, कोणी गाजावाजा केला नाही. त्या बडीशी हे कितीतरी दिवस बोलत नव्हते. आता आमच्या घरी लग्नाची पहिली पत्रिका त्यालाच जाते.

आमच्याकडे आता असं आहे: वाईट बातमी लपवायची नाही, पण आधी विचारायचं, "आज रात्री ड्युटी आहे का?" असेल तर सकाळी सांगायचं. नातेवाइकांना हे समजावणं हेच मोठं काम आहे.

अचलपूरचा

उंचीबद्दल लिहितो. आपल्याकडच्या पोरांना वाटतं, प्रश्न थंडीचा आहे, दोन स्वेटर जास्त घालू. प्रश्न हवेचा आहे. म्हणून वर जाताना टप्पे असतात: 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, 12,000 ते 15,000 वर 4 दिवस, त्याच्या वर जायचं तर आणखी 4. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. (चिखलदरा 3,600 फुटांच्या आसपास आहे. तिथे गेलो होतो म्हणून "सवय आहे" असं कृपया कोणी सांगू नये.)

आमच्या तुकडीत अकोल्याकडचा एक पोरगा होता, पळण्यात सगळ्यांच्या पुढे. असेच सापडतात. दणकट माणसाला बसून राहणं अपमान वाटतो, तो व्यायाम करतो, आणि डोकं दुखलं तर सांगत नाही, कारण खाली पाठवतील. रात्री शेजारच्या खाटेवरच्याला त्याच्या श्वासात घरघर ऐकू आली, हुक्का ओढावा तशी. त्यानं थेट नर्सिंग असिस्टंटला उठवलं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, पुढे गुलाबी फेस, असा हा आजार चढत जातो, आणि त्यावर खरा उपाय ऑक्सिजन आणि लवकरात लवकर खाली उतरवणं. उतरवला, वाचला. सुट्टीवरून परतलेल्यालाही पुन्हा थांबावं लागतं, पहिल्यांदा जमलं होतं हे चालत नाही.

सियाचीनवर 1984 पासून आपली फौज आहे, आणि तिथे लढाईपेक्षा हवामानानं जास्त जवान घेतले. 2016 च्या फेब्रुवारीत हिमकड्याखाली 10 जवान गाडले गेले, तेव्हा आमच्या गावातही टीव्हीपुढे गर्दी होती. त्याआधी कोणाला हिमस्खलन हा शब्द माहीत नव्हता.

वर्कशॉपवाला

सगळे नियमांचं कौतुक करताय, मी जरा उलटं बोलतो. नियम चांगलेच आहेत, पण रजिस्टर भरण्यात त्यांचा जीव जातो. सही झाली की "सब ठीक". मी ईएमईत (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) होतो. एकदा जॅकवर उचललेली गाडी सरकली, खाली घोडी (लोखंडी टेकू) लावलेली नव्हती. खालचा मेकॅनिक नेमका पाना आणायला उठला होता. कोणाला खरचटलं नाही, म्हणजे घडलंच नाही! लाल शाईची एन्ट्री, म्हणजे नोंदीत शिक्षेचा डाग, कोणाला हवी?

पुढे एक तरुण अधिकारी आला. त्यानं शनिवारच्या चहाला नवीन खेळ काढला: आठवड्यात थोडक्यात हुकलेला एक अपघात प्रत्येकानं सांगायचा, शिक्षा नाही, नाव लिहायचं नाही. पहिल्या वेळी सगळे चहाच पीत राहिले. मग एका म्हाताऱ्या नायकानं सुरुवात केली आणि नंतर थांबता थांबेना. तेव्हा कळलं की जॅक सरकल्याचा प्रकार वेगवेगळ्या शेडमध्ये बऱ्याच जणांनी पाहिला होता, प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच इथे झालं. घोड्या आल्या, फरशीचा उतार दुरुस्त झाला. त्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावर चहा बंद पडला. रजिस्टर अजून असेल.

देवळीचा हवालदार

वर्कशॉपवाले, बरोबर बोललात. लपवलेला हुकलेला अपघात पुढे कोणावर तरी जातोच.

पुलगावच्या बाजूचा

मी फौजी नाही, पण आमच्या घरांना फौजेचा शेजार आहे. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, ती सगळ्या देशानं पाहिली. आगरगाव, नागझरी या बाजूची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. लोक बाहेर पळत होते तेव्हा आगीकडे जाणारे अधिकारी, डीएससीचे जवान आणि अग्निशमनवाले होते, आणि तेच गेले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक झिरपत होतं, हे नंतर पुढे आलं. त्याआधी मला वाटायचं, फाटकावर काडेपेटी आणि मोबाइल काढून घेतात म्हणजे नुसता रुबाब.

दुसरी गोष्ट भंगाराची. जुना दारूगोळा खड्ड्यात पुरून उडवतात. मागे राहिलेलं पितळ, तांबं, लोखंड विकलं जातं. उन्हाळ्यात शेतात मजुरी नसते, तेव्हा असं भंगार म्हणजे रोकडा. आमच्या नात्यातल्या एकानं असाच एक गोळा गोणपाटात बांधून घरी आणला आणि अंगणात हातोडा शोधत होता. शेजारचे डीएससीतून निवृत्त झालेले काका कुंपणावरून ओरडले. फौजेत न फुटलेल्या गोळ्याला ब्लाइंड म्हणतात, तो मेलेला नसतो. त्यांनी पोराबाळांना लांब काढलं, कोणाला हात लावू दिला नाही, आणि पोलिसांना कळवलं. त्यांचं सांगणं असं: उचलायचा नाही, पाण्यात टाकायचा नाही, फोटो काढायला जवळ जायचं नाही, लांबून खूण करायची. नातेवाईक आठ दिवस रुसला, त्याचे पैसे बुडाले म्हणे.

20 नोव्हेंबर 2018 ला सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. 6 जण गेले, त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. माझा प्रश्न तोच आहे: धोक्याच्या कामावर वर्दीवाला जाताना त्याला जे शिकवतात, ते रोजंदारीवाल्यालाही तितकंच मिळतं का? इथले फौजी भाऊ बोलले तर बरं.

गडचिरोलीतला निमलष्करी

फौज नाही, पण चालेल ना? आमच्याकडे दोन दुश्मन दिसत नाहीत. एक जमिनीत पुरलेला, दुसरा डास. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात 15 जवान आणि गाडीचा चालक गेला, त्यामुळे रस्ता तपासल्याशिवाय गाडीत बसायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. चालून चालून पाय सोलले असताना समोर गाडी दिसली की काय होतं, ते चालणाऱ्यालाच माहीत. गेलो त्याच वाटेनं परत यायचं नाही, जवळची असली तरी.

मलेरियाचं मात्र सांगावं लागतं. मच्छरदाणीत गुदमरतं म्हणून पोरं बाहेर झोपतात, संध्याकाळी बाह्या दुमडतात. इथला फॅल्सिपेरम (मलेरियाचा घातक प्रकार) डोक्यात जातो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, "उद्या बघू" नाही. आणि पर्लकोटा नदी फुगली की भामरागडच्या पुलावर पाणी चढतं. पाठीवर वजन, हातात हत्यार, तेव्हा पोहता येणं कामाचं नाही. दोर बांधा, नाहीतर थांबा.

वरोऱ्याचा माजी सुभेदार

मी आता भरतीच्या पोरांना शिकवतो. पूर्ण गुणांसाठी 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, 10 बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणं), शिवाय 9 फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा. अग्निवीर आल्यापासून, म्हणजे 2022 नंतर, पोरांची घाई वाढली आहे. पहाटे चारला हायवेवर, कानात इअरफोनची बोंडं, काळा टी-शर्ट, ट्रकच्या दिशेला पाठ करून पळतात. मी आधी कान मोकळे करायला लावले, मग शाळेचं मैदान मागून घेतलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सकाळी सातनंतर पळणं बंद. पळता पळता पोरगा असंबद्ध बोलायला लागला तर सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. भरतीच्या आदल्या दिवशी वेदनाशामक सुई टोचून घेणारेही येतात. त्यांना मी घरी पाठवतो. बाप भांडायला येतात, येऊ द्या.

हिंगणघाटचा पोट्टा

सर, माहं सिलेक्शन झालं. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगले चाललो. मेडिकल झाल्यावर पळून पळून नळीचं हाड दुखून राह्यलं, एका जागी दाबलं का जीव जाते. घरी सांगतलं नाही. तिथं सांगतलं त वापस पाठवतीन का?

वरोऱ्याचा माजी सुभेदार

आजपासून पळणं बंद, उद्या हाडाच्या डॉक्टरकडे जा. एका जागी दुखतं म्हणजे हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे गेल्यावरही दुखलं तर पहिल्याच सिक रिपोर्टला (आजाऱ्यांच्या हजेरीला) उभा राहा. आराम देतील, फार तर एक बॅच मागे टाकतील. रिलेगेट म्हणजे घरी नाही. लपवून पळालास आणि हाड मोडलं तर महिने जातील. आणि नवे कोरे बूट घालून जाऊ नको, आत्तापासून घरात घालून चाल. डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिही.